खाडी मोजा, किलोमीटर नको : एसटीने कोकण किनारा करू पाहणाऱ्या मुंबईकर नवख्यांसाठी

मोबाइलवर नकाशा उघडला की कोकण फार सोपं दिसतं. अलिबाग, त्याखाली मुरुड, मग श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर. समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि खाली खाली जात राहायचं. ग्रुपवर कुणीतरी तेवढ्यात लिहितंही, ‘बसने सहज होईल.’

बसने होतं, पण सहज होत नाही, कारण नकाशावरची ती रेघ मध्येमध्ये तुटलेली आहे. सह्याद्रीतून उतरलेली प्रत्येक नदी समुद्राला मिळताना रुंद खाडी करते, आणि किनाऱ्याचा रस्ता तिथे पाण्यात संपतो. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर धोपावे दिसतं. फेरीबोट नसेल तर त्याच धोपाव्याला जायला खेड, चिपळूण असा सगळा वळसा घालावा लागतो. एसटीही किनाऱ्याकिनाऱ्याने धावत नाही. ती तालुक्याच्या आगारातून निघते, आसपासच्या गावांत जाते आणि परत आगाराला येते. म्हणजे मुरुडची गाडी खाडीपर्यंत येणार, पलीकडे श्रीवर्धनची गाडी असणार, आणि मधलं पाणी तुमचं तुम्ही ओलांडायचं.

हे एकदा डोक्यात बसलं की आखणी आपोआप होते. आगारातून जेट्टी, जेट्टीवरून पलीकडे, तिथून पुढचं आगार. दिवसाला एक खाडी. दोन खाड्या एका दिवसात करायला गेलात तर दिवसभर फक्त गाड्यांची वाट बघाल.

किती जण, कोण कोण

चार ते सहा. त्याहून कमी असाल तर रिक्षाचं भाडं जड जातं, जास्त झालात तर घरगुती मुक्कामाला खोल्या पुरत नाहीत. शिवाय गावच्या छोट्या गाडीत दहा-बारा सॅकवाले एकदम चढले की बाजाराहून परतणाऱ्या बायकांना उभं राहावं लागतं, आणि मग कंडक्टर जे बोलतो ते ऐकून घ्यावं लागतं.

सोबत कोण असावं याबद्दल माझं मत पक्कं आहे. पोहता येणं, फोटो काढता येणं, गिटार वाजवणं, यातलं काही नसलं तरी चालेल. सकाळी सहाला उठणारा माणूस हवा. कोकणातल्या बऱ्याच उपयोगी गाड्या पहाटे आणि सकाळी सुटतात. दहा वाजता डोळे चोळत चहा मागणारा एक जण सगळ्यांचा दिवस खातो.

पैशांचं निघण्याआधी ठरवा. टीटीएमएम (तुझं तू, माझं मी) ऐकायला बरं वाटतं, पण जेट्टीवर पाच जणांनी पाच वेळा सुट्टे काढणं म्हणजे मागच्या रांगेला शिव्या देण्याचं आमंत्रण. सरळ सगळ्यांनी सारखी वर्गणी काढा, एकाकडे द्या, गाडी-जेट्टी-जेवण त्यातून. एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत आहे. ग्रुपमधल्या मुलींचं वाचलेलं भाडं वर्गणीत जिरवायचं की त्यांना परत द्यायचं? परत द्या. सवलत त्यांची आहे.

कधी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि शक्यतो सोमवार ते गुरुवार. ३१ डिसेंबरच्या आसपास आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांना किनाऱ्यावरची गावं मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी भरून जातात. गणपती आणि शिमगा हे चाकरमान्यांचे. त्या दिवसांत एसटीच्या जादा गाड्याही आधीच भरलेल्या असतात. ज्यांचं घर तिकडे आहे त्यांना जाऊ द्यावं. मे महिन्यात आंबे आहेत, पण उकाडाही आहे आणि शाळांना सुट्टी असल्याने विद्यार्थ्यांसाठी सोडलेल्या काही फेऱ्या बंद असतात. हे नवख्यांच्या लक्षात येत नाही: खेड्यातली एसटी बरीचशी शाळा-कॉलेजच्या वेळांवर चालते. रविवारी आणि सुट्टीत तीच गाडी येईलच असं धरू नका.

पावसाळ्यात गेट वे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्या लाँच बंद असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीलाही बंदी असते, त्यामुळे ताज्या मच्छीच्या आशेने जाणार असाल तर ते दोन महिने वगळाच.

सॅक

ट्रेकची मोठी साठ लिटरची सॅक घरी ठेवा. एसटीच्या खिडकीवरच्या रॅकमध्ये ती मावत नाही, मांडीवर घेतली तर पुढचं दिसत नाही, आणि मधल्या वाटेत ठेवली तर तिकिटं फाडायला येणारा कंडक्टर तीवर अडखळतो. पस्तीस-चाळीस लिटर पुष्कळ झाली. दोन जोड कपडे, टॉवेलऐवजी पंचा (एका रात्रीत वाळतो), टॉर्च, रबरी सँडल. कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मग सॅकमध्ये भरा, कारण फेरीबोटीवर आणि होडीत पाणी उडतंच. वर्गणी सांभाळणाऱ्याने दहा, वीस, पन्नासच्या नोटांची वेगळी गड्डी ठेवावी. कंडक्टरच्या मशीनवर आता यूपीआय चालतं. पण खाडीच्या उतारावर रेंज गेली की ते गोल गोल फिरत बसतं आणि सगळी गाडी तुमच्याकडे बघते.

स्टँडवर

खरं शिक्षण इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

मुंबईतून सुटायला मुंबई सेंट्रल, परळ, कुर्ला नेहरूनगर, बोरिवली, ठाणे, पनवेल अशी ठिकाणं आहेत. लांबच्या गाड्यांचं आरक्षण एसटीच्या ॲपवर होतं. पण ॲपवर दिसतं ते लांब पल्ल्याचं. आगारातून गावात जाणारी साधी गाडी, म्हणजे तुमच्या सहलीतल्या निम्म्याहून जास्त गाड्या, तिथे भेटत नाही. ती फक्त स्टँडवर कळते.

स्टँडवर पोचलात की आधी भिंतीवर रंगवलेलं वेळापत्रक बघा, पण त्यावर विसंबू नका. रंग देऊन किती वर्षं झाली ते भिंतीकडे पाहूनच कळतं. मग चौकशीच्या खिडकीशी जा. नवखा माणूस विचारतो, ‘श्रीवर्धनला बस कधी आहे?’ उत्तर येतं, ‘येईल.’ त्याऐवजी असं विचारा:

‘साहेब, दिघीहून श्रीवर्धनला शेवटची गाडी किती वाजता?’

शेवटची गाडी हा प्रश्न विचारला की आतला माणूस मान वर करून बघतो, कारण त्यावरून तुम्हाला अडकायचं नाही एवढं त्याला कळतं. मग तो आधीच्याही दोन गाड्या सांगतो, आणि बऱ्याचदा ‘ती पकडू नका, बोर्लीला बदला’ असा न मागितलेला सल्लाही देतो. तो सल्ला घ्या. नंतर हाच प्रश्न फलाटावर उभ्या असलेल्या एखाद्या कंडक्टरला विचारा. दोन उत्तरं जुळली तर बिनधास्त राहा. नाही जुळली तर लवकरची वेळ खरी धरा.

गाडीचा बोर्ड पूर्ण वाचा. मोठ्या अक्षरातलं गाव बघून चढू नका, खालचं ‘मार्गे’ महत्त्वाचं आहे. त्याच गावाला एक गाडी किनाऱ्याने जाते आणि दुसरी आतून. गाडीवर आगाराचं नावही लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय लावा. संध्याकाळी पाच-सहाला श्रीवर्धन आगाराची गाडी बाहेरगावच्या स्टँडवर उभी दिसली तर ती घरी परतायच्या बेतात असण्याची शक्यता मोठी. ड्रायव्हरला विचारायला हरकत नाही.

वस्तीची गाडी समजून घ्या. संध्याकाळी गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर रात्री तिथेच राहतात, पहाटे तीच गाडी परत निघते. आड गावात मुक्काम करायचा असेल तर संध्याकाळी हिने जायचं आणि दुसऱ्या दिवशी हिनेच बाहेर पडायचं. रात्री कंडक्टरला ‘सकाळी आम्ही पाच जण आहोत’ असं सांगून ठेवलं तर तो दोन मिनिटं थांबतोसुद्धा. थांबलाच पाहिजे असं नाही.

नावांचा घोळ फार महाग पडतो. मुरुड दोन आहेत. एक रायगड जिल्ह्यातलं, जंजिऱ्याचं. दुसरं दापोली तालुक्यात हर्णैजवळ, महर्षी कर्व्यांचं. वेळासही दोन: श्रीवर्धन तालुक्यातलं वेगळं आणि कासवांचं, मंडणगड तालुक्यातलं वेगळं. चौकशी करताना गावाबरोबर तालुका सांगा.

जागेचं म्हणाल तर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची पद्धत अजून जिवंत आहे आणि लोक तिचा मानही राखतात. मुंबईहून खाली जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला दिसतो. दुपारनंतर ऊनही त्याच खिडकीतून येतं, तेव्हा रुमाल दोन कामांना उपयोगी. शेवटचा लांब बाक रिकामा दिसला म्हणून सगळ्यांनी एकत्र बसायच्या मोहात पडू नका. घाटात तो बाक माणसाला छतापर्यंत नेऊन आणतो.

भाड्याच्या जुन्या आकड्यांवर बजेट करू नका. २०२५ च्या जानेवारीत एसटीने भाडं जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढवलं. भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने मोजतात, त्यामुळे जवळच्या दोन गावांना सारखंच तिकीट लागलं तर वाद घालू नका. ‘आवडेल तेथे प्रवास’चा चार किंवा सात दिवसांचा पास सगळे सुचवतात. किनाऱ्यासाठी मी तो सुचवणार नाही. इथले टप्पे छोटे आहेत, मध्ये जेट्ट्या आणि रिक्षा येतात, आणि पासाचे पैसे वसूल करायच्या नादात माणूस थांबायच्या जागी थांबत नाही. महाराष्ट्र आडवा-उभा कापायचा असेल तेव्हा तो पास काढा.

पाण्याचं पंचांग

बसच्या वेळापत्रकाइतकंच हे दुसरं वेळापत्रक महत्त्वाचं. भरती-ओहोटी रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशोब असा: तिथीचा पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमाराला पाणी भरलेलं. अष्टमीला सहा, म्हणजे दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला भरती, आणि त्या दिवसांत उधाण, म्हणून पाणी चढतंही जास्त आणि ओसरतंही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे उधाणाच्या उलट, पाणी मवाळ. हिशोब अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण दिवस आखायला पुरेसा आहे. भिंतीवर कालनिर्णय नसेल तर मोबाइलवर तिथी दिसते.

याचा उपयोग लगेच होतो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. पाणी वाढायला लागलं की मात्र मागे वळून बघायला वेळ नसतो. किल्ल्यात शिरण्याआधीच परत कधी निघायचं ते ठरवा. हरिहरेश्वरला देवळामागच्या खडकांतून प्रदक्षिणेचा मार्ग आहे, तो फक्त ओहोटीला. तिथे पुजारी किंवा दुकानदार ‘आता नको’ म्हणाला तर विषय संपला. २०१६ च्या फेब्रुवारीत रायगडच्या मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. किनारा सपाट आणि शांत दिसतो म्हणून तो सुरक्षित असतो असं नाही. अनोळखी पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, पाण्यात उतरण्याआधी जाळं विणत बसलेल्या एखाद्या काकांना विचारा की इथे ओढ कुठे आहे. उत्तर एका वाक्यात मिळतं. दारू प्यायलेल्याला पाण्यात जाऊ द्यायचं नाही हा नियम ग्रुपमध्ये घरूनच करून निघा, तिथे तो कुणी ऐकत नाही.

पहिल्या सहलीची वाट

पहिल्यांदा सगळं कोकण करायला जाऊ नका. मुंबई ते गुहागर, पाच मुक्काम, मग चिपळूणहून परत. एवढ्यात तीन मोठ्या खाड्या बोटीने आणि एक पुलावरून होते.

पहिला दिवस सोपा. गेट वेहून लाँचने मांडवा. काही लाँच कंपन्यांच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची त्यांची बस धरलेली असते, तिकीट घेताना विचारा. भाऊच्या धक्क्याहून रो-रो बोटही मांडव्याला जाते, २०२० पासून. अलिबाग स्टँडवरून मुरुडची गाडी धरा. चौल, रेवदंडा, मग कुंडलिकेवरचा साळावचा पूल, कोर्लई, काशीद, नांदगाव असा हा रस्ता आहे आणि उजवी खिडकी मिळाली तर मधल्या कुठल्याही पॉइंटवर उतरायची गरज राहत नाही. कोर्लईला उतरलातच तर किल्ल्याखालच्या वस्तीतल्या जुन्या माणसांचं बोलणं कान देऊन ऐका. पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून तयार झालेली त्यांची भाषा इथेच बोलली जाते. अलिबागकडे गाडी चुकली तर मिनीडोर, म्हणजे वाटणीच्या मोठ्या रिक्षा असतात. भरल्याशिवाय सुटत नाहीत, आणि ‘भरली’ याची त्यांची व्याख्या तुमच्यापेक्षा उदार आहे. मुक्काम मुरुड.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा. लवकर जा, नंतर रांग वाढते. मग आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट. दिघीला उतरल्यावर समोर गाडी उभी असेल असं नाही. बोर्ली पंचतनला जाणारी मिळाली तरी चढा, बोर्लीहून दिवेआगर आणि श्रीवर्धन दोन्हीकडे जाता येतं. दिवेआगर ते श्रीवर्धन किनाऱ्याने जाणारा शेखाडीचा रस्ता या सगळ्या सहलीतला माझ्या मते सगळ्यात देखणा. शेखाडी हे नाव मुंबईकरांनी १९९३ च्या बाँबस्फोटांच्या संदर्भात ऐकलेलं असतं, स्फोटकं उतरवली गेली ती याच किनाऱ्यावर. या रस्त्यासाठी एसटीची वाट बघू नका, सगळ्यांनी मिळून रिक्षा ठरवा. इथे पैसे खर्च करण्यासारखे आहेत. मुक्काम श्रीवर्धन.

तिसरा दिवस कष्टाचा, तो आधीच मान्य करा. श्रीवर्धन ते हरिहरेश्वर गाडी आहे. तिथून बागमांडला जवळ, आणि बागमांडल्याहून सावित्रीच्या खाडीतून फेरीबोट पलीकडे वेसवीला. बोटीचं जबड्यासारखं लोखंडी दार उतारावर आपटतं, आधी दुचाक्या निघतात, मग चारचाक्या, आणि पायी माणसांनी कडेकडेने निघायचं असतं. सेल्फीसाठी त्या दारातच उभं राहणाऱ्याला खलाशी ज्या भाषेत हाकलतात ती इथे लिहिता येणार नाही. वेसवीला आलात की रत्नागिरी जिल्हा सुरू. आणि इथे किनारा हातातून सुटतो. केळशी-आंजर्ल्याकडे किनाऱ्याने जाणारी सोयीची एसटी मिळेल या भरवशावर राहू नका. गाड्यांचा ओढा आत मंडणगडला आहे. निमूटपणे मंडणगड, तिथे गाडी बदलून दापोली. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जात असाल तर हा नियम मोडा आणि बाणकोटवरून वेळासला वळा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली, आणि पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात. राहणं गावातल्या घरांत. पिल्लं निघतीलच याची हमी कुणी देत नाही, तुम्हीही ग्रुपमध्ये देऊ नका.

दापोलीला दोन रात्री काढा. हे आगार तुमचं खरं ठाणं. हर्णै, आंजर्ले, कर्दे, लाडघर, सगळीकडे इथून गाड्या जातात, म्हणून सॅक खोलीवर टाकून हात मोकळे ठेवून फिरता येतं. चौथा दिवस हर्णैच्या लिलावासाठी ठेवा. होड्या खोल पाण्यात उभ्या राहतात आणि बैलगाड्या थेट लाटांत घुसून मासळी घेऊन येतात. बैलांच्या पोटाला पाणी लागलेलं असतं आणि गाडीवान उभ्याने कासरा धरून असतो. पुळणीवर टोपल्यांचे ढीग, भोवती बायकांचं कडं, आणि बोली अशा झपाट्याने चढते की आपल्याला कळेपर्यंत सुरमई विकली गेलेली असते. मध्ये उभे राहू नका. फोटो काढण्याआधी विचारा, हा त्यांचा धंद्याचा तास असतो. चार माणसांपुरती मच्छी हवी असेल तर लिलावात तोंड घालू नका, कडेला वाटे लावून बसलेल्या मावश्यांकडे जा. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीच्या आवारातून सुवर्णदुर्ग दिसतो. पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढून जा.

पाचव्या दिवशी दापोलीहून दाभोळ. जेट्टीजवळच जुनी दगडी मशीद आहे, बोटीला वेळ असेल तर पाय तिकडे वळवा. फेरीबोटीतून पलीकडे जाताना दिसणारा मोठा प्रकल्प म्हणजे एन्रॉनमुळे गाजलेला दाभोळ वीज प्रकल्प. नाव दाभोळचं, पण तो आहे खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात. धोपाव्याहून गुहागरला गाड्या मोजक्या आहेत. बोटीवरच गुहागरकडे जाणारा टेम्पो किंवा जीपवाला कोण आहे ते बघा, किंवा पलीकडे उतरल्यावर रिक्षा. गुहागरात रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि समुद्राच्या बाजूच्या वाडीतून मागच्या दाराने बाहेर पडलं की थेट पुळण. एक दिवस हाताशी असेल तर हेदवी आणि वेळणेश्वर करून या. नसेल तर काही बिघडत नाही, वाडीत झोपाळ्यावर बसा.

राहणं, जेवणं

‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ ही पाटी शोधा. आधी फोन केलात तर उत्तम, पण दुपारी गावात पोचूनही मधल्या वारी जागा मिळते. भाव माणशी असतो की खोलीचा, आणि त्यात जेवण धरलंय का, एवढं दारातच विचारा. नंतर विचारलं की दोघांनाही अवघड होतं.

जेवण आधी सांगावं लागतं. रात्रीचं जेवण दुपारपर्यंत, मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. काकूंना रात्री नऊला ‘काहीतरी बनवाल का’ विचारलंत तर त्या नाही म्हणणार नाहीत, पण तुम्ही विचारायला नको होतं. मच्छी खाणारं घर आणि न खाणारं घर वेगळं असतं. शाकाहारी घरात बाहेरून पापलेट आणून ‘तळून द्या’ म्हणणारे महाभाग आहेत. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी या दिवशी मच्छी मिळेलच असं धरू नका. त्या दिवशी वालाची उसळ आणि सोलकढी मिळाली तर तक्रारीला जागा नाही.

मालकांना काका-काकू, रिक्षावाल्याला दादा, आणि सगळ्यांनाच ‘तुम्ही’. मुलं-मुली एकत्र फिरताहात म्हणून प्रश्न येतील. चिडू नका, सरळ नावगाव सांगा, कॉलेज-नोकरी सांगा, आधारकार्ड दाखवा. बहुतेक वेळा पुढचा प्रश्न ‘गाव कुठलं तुमचं?’ हा असतो, आणि ग्रुपमधल्या एकाचं आजोळ जरी संगमेश्वर-लांजाकडचं निघालं तरी चहात साखर वाढते. रात्री आवाज खाली ठेवा. पहाटे याच घरातला कुणीतरी बंदरावर जाणार असतो.

परत

गुहागरहून चिपळूणला गाड्या पुष्कळ आहेत. चिपळूणहून मुंबईला एसटी किंवा कोकण रेल्वे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण दहा वर्षांहून जास्त काळ चाललेलं आहे, तेव्हा रविवारी संध्याकाळी रस्त्याने परतायचं धाडस कुणाला सुचवावंसं वाटत नाही. मांडवी एक्स्प्रेस दिवसा येते आणि रात्री मुंबईत सोडते. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. परतीची तारीख पक्की असेल तर तेवढं एकच तिकीट निघण्याआधी काढून ठेवा, बाकी काही नाही. चिपळूणचं एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशन जवळजवळ नाहीत, मध्ये रिक्षा लागते. गुहागरहून गाडी धरताना रेल्वेच्या वेळेआधी चांगला दीड-दोन तास हाताशी राहील असं बघा. वेळ उरला तर स्टँडसमोर वडा-पाव आहेच, आणि घरी न्यायला कोकम-आगळ घ्यायचं असेल तर ते गुहागरलाच घेतलेलं बरं. बाटलीचं झाकण मात्र घट्ट करून पिशवीत उभी ठेवा; सॅकेत सांडलेलं आगळ पांढऱ्या शर्टावरून जात नाही.